कोकणातील सर्पदंश आणि त्यावरील उपचार : एक ऐतिहासिक आढावा
(धरमतर खाडी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सर्पदंश हा विषय सामान्यतः प्राणिशास्त्राच्या वा वैद्यकशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. इतिहासलेखनात त्याला क्वचितच स्थान मिळते. प्लेग, पटकी, देवी आणि दुष्काळ यांनी एकेका वर्षात हजारो माणसे नेली. त्यामुळे त्यांच्या नोंदी झाल्या, चौकश्या बसल्या, अहवाल लिहिले गेले आणि पुढे त्यांचा इतिहासही सिद्ध झाला. सर्पदंशाने होणारे मृत्यू मात्र एकेकटे आणि विखुरलेले असतात. शेताच्या बांधावर, गोठ्यात, पेंढ्याच्या माचाखाली किंवा झोपडीत जमिनीवर अंथरलेल्या गोधडीत माणूस मरतो. त्याची वार्ता पंचक्रोशीबाहेर जात नाही. शंभर वर्षांत अशा मृत्यूंची बेरीज एखाद्या मोठ्या साथीइतकी होत असली, तरी ती बेरीज कोणी मांडत नाही.

प्रस्तुत लेखात कोकणातील, विशेषतः रायगड जिल्ह्याच्या पेण व रोहा तालुक्यांना लागून असलेल्या धरमतर खाडी परिसराच्या संदर्भात, सर्पदंशावरील उपायांचा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंतचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. या दीडशेहून अधिक वर्षांचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात शासनाने मारलेले साप मोजले. दुसऱ्या टप्प्यात प्रयोगशाळेने विषाचे मिलिग्रॅम मोजले. तिसऱ्या टप्प्यात खेड्यातील डॉक्टरने रुग्ण मोजावयास आरंभ केला. प्रत्येक टप्प्यात जे मोजले गेले त्यावरून उपाय ठरला, आणि जे मोजावयाचे राहिले त्यामुळे तो उपाय अपुरा पडला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. भूमी, शेती आणि साप

अंबा नदी सह्याद्रीत उगम पावून पालीवरून रोहा तालुक्यातील नागोठण्याकडे येते आणि तेथून पुढे पेण तालुक्याच्या कडेने धरमतरच्या खाडीला मिळते. ही खाडी मुंबई बंदराच्या पाण्यात उघडते. खाडीच्या दोन्ही अंगांस खारेपाट आहे. भरतीचे पाणी बांध घालून अडवावयाचे, उघाडीवाटे आतील पाणी ओहोटीत बाहेर सोडावयाचे आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन भात घ्यावयाचे, ही येथील शेतीची जुनी रीत होय. अशा खारबंदिस्तीची शिलोत्र पद्धती अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. पेण आणि नागोठणे या भागांचा उल्लेख त्या संदर्भात विशेषत्वाने होतो.

या भूरचनेचा सापांशी निकटचा संबंध आहे. मातीचे बांध म्हणजे उंदीर आणि खेकडे यांच्या बिळांची वसाहत. भात आले की उंदीर येतात, आणि उंदरांमागे नाग व घोणस येतात. आषाढात लावणीच्या वेळी शेतकरी अनवाणी पायांनी चिखलात आणि बांधावर असतो; कार्तिकात कापणीच्या वेळी त्याचा हात भाताच्या कडपाखाली जातो. पेंढ्याचे भारे घराजवळ रचले जातात व त्यांच्या आश्रयाने उंदीर घरात शिरतात. मण्यार रात्री भक्ष्याच्या शोधात फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. खारेपाटातून पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याशी गेल्यास खडकाळ, कातळाच्या जागी फुरसे आढळते. झाडीत हिरवा चापडा आढळतो. खाडीच्या मुखाशी व समुद्रात डोल जाळ्यांत माशांबरोबर समुद्रसर्प येतात. थोडक्यात, सखल शेत, डोंगर आणि खाडी अशा तीन भिन्न परिसरांतील विषारी साप या एका लहान टापूत एकत्र आलेले दिसतात.

दंश कोणाला होतो, हा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. शेतकरी, आगरी व कोळी समाजांतील कष्टकरी यांच्याबरोबरच या भागातील कातकरी समाजाचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. उंदरांची बिळे खणणे, लाकूडफाटा गोळा करणे, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करून उघड्यावर किंवा तात्पुरत्या खोपीत राहणे, ही त्यांच्या जीवनक्रमाची अंगे होत. सर्पदंशाचा धोका त्यांच्या दैनंदिन श्रमातच गुंतलेला आहे. नागपंचमीस शेत नांगरू नये, काही चिरू-कापू नये, हा संकेत सर्वत्र पाळला जातो. सापाविषयीचे भय आणि आदर यांची ती सांस्कृतिक खूण आहे. तथापि वर्षातील उरलेल्या दिवसांचे काय, या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेच्या कक्षेत नव्हते. ते भगताच्या अंगणात शोधले जाई.

भगत किंवा मांत्रिक यांच्याकडे रुग्ण नेण्याच्या प्रथेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे पुरेसे नाही. बहुसंख्य दंश बिनविषारी सापांचे असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष टोचतोच असे नाही. अशा दंशास कोरडा दंश म्हणतात. परिणामी भगताकडे नेलेले बरेच रुग्ण मंत्राविनाही बरे झाले असते. मात्र ते बरे झालेले गावाने डोळ्यांनी पाहिले आणि श्रेय भगतास मिळाले. जे दगावले त्यांच्या बाबतीत ‘वेळ भरली होती’ असे म्हटले गेले. यश मोजले गेले व अपयश मोजले गेले नाही. शासनाचा पहिला उपायही याच दोषातून मुक्त नव्हता, हे पुढे दिसून येईल.

२. पहिला टप्पा : सापांची गणना

कंपनी सरकारच्या काळातच भारतातील विषारी सापांच्या शास्त्रीय अभ्यासास सुरुवात झाली होती. पॅट्रिक रसेल यांनी कोरोमांडल किनाऱ्यावरील सापांवरील ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध केला; घोणशीच्या इंग्रजी नावात त्यांचे नाव आजही आहे. पुढे जोसेफ फेरर या शल्यवैद्याने प्राण्यांवर विषाचे प्रयोग करून १८७२ साली भारतातील विषारी सापांवर बृहद्ग्रंथ सिद्ध केला. १८६९ सालाविषयी त्यांनी जमविलेल्या आकड्यांत बंगाल आणि लगतच्या काही प्रांतांतच ११,४१६ सर्पदंश-मृत्यू नोंदले गेले होते. या आकड्याने शासनाला विषयाची दखल घेणे भाग पाडले. उपाय मात्र जुनाच राहिला, तो म्हणजे साप मारणाऱ्यास रोख बक्षीस.

या धोरणाचे सर्वांत ठळक उदाहरण कोकणातच सापडते. धरमतरच्या दक्षिणेस, तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात, फुरशांचा उपद्रव मोठा होता. फुरसे हा लांबीने जेमतेम हातभर असणारा, मातकट रंगाचा, अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून खर्र असा आवाज करणारा साप. जी. डब्ल्यू. विडाल या सनदी अधिकाऱ्याने विषारी सापांवर १८९० साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यात दिलेल्या माहितीनुसार रत्नागिरीत फुरशामागे सहा पै, म्हणजे अर्धा आणा, बक्षीस असताना सहा वर्षांत वर्षाला सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली. त्याआधी १८६२ साली बक्षिसाची रक्कम वाढविल्यावर अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी जमा झाल्याची नोंद आहे.

या आकड्यांचा अर्थ लावणे अगत्याचे आहे. अर्ध्या आण्याच्या दराने सव्वादोन लाख सापांचे बक्षीस वर्षाला सात हजार रुपयांच्या घरात जाते. त्या काळी शेतमजुराची मजुरी दिवसाला काही आण्यांपलीकडे नसताना, पावसाळ्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत कातळावरचे दगड उलटून दहा-वीस फुरशी मारणे हा कमाईचा मार्ग ठरला असल्यास नवल नाही. बक्षीस वाढले की साप वाढत, आणि बक्षीस घटले की साप घटत. म्हणजेच या नोंदवहीत सापांच्या संख्येपेक्षा बक्षिसाच्या दराचेच प्रतिबिंब पडत होते. वर्षानुवर्षे लाखांनी साप मारूनही आकडा ओसरत नाही, याचा सरळ अर्थ असा की हा उपाय फुरशांच्या मूळ संख्येस पोहोचत नव्हता. फुरसे एका वेळी अनेक जिवंत पिले घालते. मोकळी झालेली जागा भरून निघण्यास वेळ लागत नाही.

तरीही विडाल यांच्या लेखाचे एक महत्त्व नाकारता येणार नाही. कोकणात सर्वाधिक घातक साप नाग नसून फुरसे आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. नागाविषयीच्या दंतकथांनी भारावलेल्या काळात, जिल्हावार मृत्यूंचे आकडे आणि सापांचे वास्तव्य यांची सांगड घालून काढलेला हा निष्कर्ष होता. एका प्रदेशातील दंशाचा प्रश्न दुसऱ्या प्रदेशातील सापावरून सोडविता येणार नाही, हे सूत्र त्यात गर्भित होते. ते पुढील टप्प्यात विसरले गेले.

३. दुसरा टप्पा : विषाचे मोजमाप

१८९४ साली पॅरिसमध्ये फिसालिक्स व बर्ट्रांड यांनी आणि स्वतंत्रपणे आल्बेर काल्मेत यांनी असे दाखवून दिले की, प्राण्यास विषाचे अल्प डोस क्रमाने वाढवीत दिल्यास त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात आणि ते रक्तजल दुसऱ्या प्राण्यास वाचवू शकते. काल्मेत यांनी या तत्त्वावर नागाच्या विषाविरुद्ध घोड्यांपासून प्रतिविष तयार केले. एकाच प्रतिविषाने सर्व सापांच्या विषांवर मात करता येईल, अशी त्यांची आरंभीची धारणा होती.

ही धारणा चुकीची ठरविणाऱ्या संशोधनात भारतातील कामाचा वाटा मोठा आहे आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. १८९६ च्या प्लेगानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली. त्यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात सुरू झाली. तिला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. या प्रयोगशाळेत काम केलेले कॅप्टन जॉर्ज लॅम्ब यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत नाग, घोणस इत्यादींच्या विषांवर प्रयोग केले. नागाच्या विषावरील प्रतिविष घोणशीच्या विषावर चालत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन हेही याच निष्कर्षाप्रत आले होते. प्रत्येक विषास त्याचे स्वतंत्र प्रतिविष लागते, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले.

या तत्त्वानुसार १९०५ साली स्थापन झालेल्या कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेत नाग आणि घोणस या दोन सापांविरुद्धचे द्विविध प्रतिविष तयार होऊ लागले. येथे कोकणच्या दृष्टीने एक विसंगती लक्षात येते. ज्या सापाची सव्वादोन लाख मुंडकी सरकारी कचेरीत दरवर्षी मोजली गेली होती, त्या फुरशाविरुद्ध या प्रतिविषात काहीच नव्हते. जमिनीवर झोपणाऱ्यांचा वैरी असलेली मण्यारही त्यात नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यास नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांविरुद्धचे बहुविध प्रतिविष प्रचारात आले तेव्हा ही उणीव दूर झाली. हाफकिन संस्था या प्रतिविषाच्या प्रमुख उत्पादकांपैकी एक होती. १९७५ साली उत्पादनाचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे वेगळे करण्यात आले. संस्थेत डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांचे पालन, विषाचे उत्पन्न व मुंबई परिसरातील साप यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचे भारतातील सापांवरील इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली प्रसिद्ध केले.

प्रतिविषाच्या कुपीवरील मोजमाप पाहिले असता या टप्प्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही लक्षात येतात. भारतीय प्रतिविषाच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असा मानदंड आहे. कुपी १० मिलिलिटरची असते. म्हणजे एका कुपीने घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष निवारले जाते. घोणस एका दंशात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलिग्रॅम विष टोचते, असे गृहीत धरल्यास दहा कुप्यांची आवश्यकता निर्माण होते. राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शिकेतील ८ ते १० कुप्यांच्या आरंभीच्या मात्रेमागे हे साधे गणित आहे. खेड्यातील दवाखान्यात दोनच कुप्या शिल्लक असतील, तर प्रतिविष ‘उपलब्ध’ आहे अशी नोंद खरी असूनही रुग्णाच्या दृष्टीने ती निरर्थक ठरते.

४. परळ ते धरमतर : अंतराचा प्रश्न

धरमतरची खाडी मुंबई बंदरातच उघडत असल्यामुळे या परिसराचा मुंबईशी जलमार्गाने जुना संबंध आहे. बोटी मुंबईहून धरमतरला येत व तेथून माल आणि माणसे पेण, नागोठणे, अलिबागकडे जात. प्रतिविष तयार करणारी देशातील एक अग्रगण्य संस्था अशा रीतीने खाडीपलीकडेच होती. परंतु दंश झालेल्या माणसाचे अंतर नकाशावर मोजून चालत नाही. ते तासांत मोजावे लागते. पावसाळ्यात खाडीतील वाहतूक अनिश्चित होई. खारेपाटातील अनेक वाड्यांना रस्ता म्हणजे बांधावरची पायवाटच होती. भरती असेल तर तीही पाण्याखाली जाई. सर्पदंशाचा हंगाम आणि वाटा बंद होण्याचा हंगाम एकच असणे, हे कोकणातील या प्रश्नाचे मर्मस्थान होय.

या अंतरावर उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले. १९०४ साली लॉडर ब्रंटन, फेरर आणि लेनर्ड रॉजर्स यांनी एका लहानशा साधनाचा पुरस्कार केला. एका टोकास छोटे पाते आणि दुसऱ्या टोकास पोटॅशियम परमँगनेटचे खडे असलेली ही स्वस्त डबी खेडोपाडी ठेवावी, दंशाची जागा कापून त्यात खडे चोळावेत, असा विचार होता. डॉक्टरविना, दवाखान्याविना, जागच्या जागी उपचार व्हावा ही त्यामागची भूमिका व्यवहार्य दिसत होती. परंतु तो उपचार निरुपयोगी ठरला. विष शरीरात पसरण्यास लागणाऱ्या वेळात पाते पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी रक्त न गोठण्याच्या अवस्थेत केलेली चीर जखमेहून घातक ठरते. घट्ट आवळपट्टीचीही तीच कथा. आज या दोन्ही गोष्टी वर्ज्य मानल्या जातात. दंश झालेला अवयव हाडमोडीप्रमाणे फळीस बांधून स्थिर ठेवणे, रुग्णास चालू न देणे, धीर देणे व विनाविलंब रुग्णालयात नेणे, एवढाच प्रथमोपचार शिल्लक राहिला आहे.

खरी प्रगती दोन गोष्टींनी झाली. पहिली म्हणजे प्रतिविष गोठवून कोरड्या भुकटीच्या स्वरूपात साठविण्याचे तंत्र. द्रवरूप प्रतिविषास सतत शीतपेटी लागते; वीज नसलेल्या गावी ते टिकत नाही. भुकटी अधिक काळ व अधिक तापमानात टिकते आणि निर्जंतुक पाण्यात विरघळवून वापरता येते. दुसरी गोष्ट म्हणजे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानंतर स्वातंत्र्योत्तर काळात उभारलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे. औषध गावाच्या जवळ गेले. ते केव्हा, किती व कोणास द्यावयाचे, हे ज्ञान मात्र शहरातील पाठ्यपुस्तकांतच राहिले होते.

५. तिसरा टप्पा : रुग्णांची गणना

हे ज्ञान रायगड जिल्ह्यातच, धरमतरच्या दक्षिणेस महाड तालुक्यात, निर्माण झाले ही या इतिहासातील महत्त्वाची घटना होय. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने तरुण माणसे व मुले दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या शेजारी बसून घाम, उलट्या, रक्तदाब, नाडी, फुप्फुसात पाणी भरण्याची चिन्हे यांची तासातासाने टिपणे ठेवली. मृत्यूचे कारण हृदय व फुप्फुस यांच्यावरील परिणामात आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध होऊ लागली. रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी या अवस्थेत गुणकारी ठरते, हे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून अत्यल्प झाले. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत, प्राझोसिनसमवेत विंचूप्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो असे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी दाखविले. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री हा सन्मान प्राप्त झाला.

विंचूदंशावरील या कार्याचा उल्लेख येथे दोन कारणांसाठी केला आहे. एक, त्याच परिसरात त्याच पद्धतीने सर्पदंशाचाही अभ्यास झाला. दोन, मोजण्याची वस्तू बदलल्यामुळे उपाय कसा बदलतो याचे हे उत्तम उदाहरण आहे. बावस्कर दांपत्याने महाड परिसरातील मण्यार व नाग यांच्या दंशांचे चिकित्सालयीन चित्र २००४ साली प्रसिद्ध केले. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही, सूज येत नाही, वेदनाही नसते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी व उलटीने जागा होतो, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वास थांबतो. ‘पोटात दुखते’ म्हणून आलेल्या रुग्णाच्या पापण्यांकडे पाहावयास हवे, हे ज्ञान प्रयोगशाळेतून येणे शक्य नव्हते. नागाच्या विषामुळे स्नायू व मज्जातंतू यांच्या संधीवर जो अडथळा येतो तो निओस्टिग्मिनने काही अंशी दूर होतो. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकासच इजा करीत असल्याने तेथे या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या आधारावर काही दिवस रुग्ण तगविणे हाच मार्ग उरतो.

घोणस व फुरसे यांच्या बाबतीत असाच एक साधा, परंतु निर्णायक शोध ग्रामीण दवाखान्यांना लाभला. रुग्णाचे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवावयाचे व नंतर नळी तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल तर विषबाधा झाली आहे व प्रतिविष दिलेच पाहिजे. यास यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. नळी आणि घड्याळ पुरते. परळच्या मिलिग्रॅमांना खेड्यातील घड्याळाची जोड मिळाली, असे या चाचणीचे वर्णन करता येईल.

६. गणनेचा प्रश्न आज

भारतातील सर्पदंश-मृत्यूंचा विश्वसनीय अंदाज मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत स्वरूप व ग्रॅब यांनी जगातील वार्षिक मृत्यू ३० ते ४० हजार असावेत असा अंदाज केला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी मृत्यू-सर्वेक्षणात, घरोघरी जाऊन कुटुंबीयांना विचारलेल्या माहितीवरून, एकट्या भारतात २००५ साली सुमारे ४५,९०० माणसे सर्पदंशाने दगावल्याचे अनुमान निघाले. त्यांतील ९७ टक्के ग्रामीण भागांतील होती आणि बहुसंख्य मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते. २०२० सालच्या पुढील अभ्यासाने २००० ते २०१९ या काळातील एकूण संख्या बारा लाखांच्या घरात, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असल्याचे दर्शविले. रुग्णालयांच्या नोंदींतून दिसणारी संख्या याच्या तुलनेने फारच लहान होती. जे रुग्णालयात पोहोचलेच नाहीत ते नोंदीतही आले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आणि २०१९ साली, २०३० पर्यंत त्यामुळे होणारे मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू यांची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळविले. म्हणजे सापांची मोजणी झाल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी माणसांच्या मोजणीची वेळ आली.

विडाल यांच्या लेखातील सूत्रही आज पुन्हा महत्त्वाचे ठरले आहे. भारतीय उत्पादकांना लागणारे विष मुख्यतः १९७८ साली स्थापन झालेल्या तामिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. त्या संस्थेचे योगदान निर्विवाद आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी घोणशीच्या संदर्भात २०२१ साली दाखवून दिले आहे. काही प्रदेशांतील विषावर प्रचलित प्रतिविष अपुरे पडते. चापडा व समुद्रसर्प यांच्याविरुद्ध तर भारतीय प्रतिविषात आजही काही नाही. १९०५ नंतर फुरशाची जी उपेक्षा झाली, तिची पुनरावृत्ती टाळावयाची असल्यास कोकणातील सापांचे विष कोकणातच अभ्यासले गेले पाहिजे.

गणनेचा आणखी एक पैलू नुकसानभरपाईशी निगडित आहे. महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसास दोन लाख रुपये देण्याची तरतूद आहे. हा लाभ खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरता आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही असा शेतमजूर, वीटभट्टीवरील कातकरी किंवा डोल जाळे ओढणारा खलाशी त्याच सापाने दगावला तरी या गणनेत बसत नाही. साप सातबारा पाहून दंश करीत नाही. योजना मात्र तो पाहते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात.

१) एकोणिसाव्या शतकातील बक्षीस-धोरणाने सापांची प्रचंड गणना केली. तथापि ती गणना बक्षिसाच्या दराची द्योतक होती. मनुष्यहानीच्या निवारणाशी तिचा संबंध प्रस्थापित झाला नाही.

२) प्रतिविषाच्या शोधाने उपचारास शास्त्रीय पाया मिळाला. परंतु आरंभीच्या प्रतिविषात कोकणातील सर्वाधिक संख्येच्या विषारी सापास स्थान नव्हते. स्थानिक सापांच्या अभ्यासाविना तयार केलेला उपाय अर्धवट राहतो, हे त्यातून सिद्ध होते.

३) परळ आणि धरमतर यांमधील अंतर औषधाच्या शोधाने आपोआप मिटले नाही. कोरडी भुकटी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि बिरवाडी-महाड येथील रुग्णशय्येजवळची निरीक्षणे या तिहींच्या संयोगाने ते कमी झाले.

४) दंश ते पहिली कुपी यांमध्ये किती वेळ गेला, हे आजही कोणत्याही सार्वजनिक नोंदवहीत पद्धतशीरपणे आढळत नाही. नोंद सक्तीची होत असताना साप कोणता, माणूस कोण आणि वेळ किती गेला या तीन रकान्यांना सारखेच महत्त्व मिळणे आवश्यक आहे.

या कामात ग्रामीण महाविद्यालयांना निश्चित भूमिका आहे. पेण, रोहा, नागोठणे या भागांतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, भूगोल, इतिहास व समाजशास्त्र या विभागांचे विद्यार्थी खारेपाटातील वाड्यांतूनच येतात. गेल्या वीस वर्षांत आपल्या वाडीत सर्पदंशाने कोण दगावले, तेव्हा कोणता महिना होता, रुग्णास प्रथम कोठे नेले आणि रुग्णालय गाठण्यास किती वेळ लागला, ही माहिती ते घरच्या ओट्यावर बसून जमवू शकतात. राष्ट्रीय सर्वेक्षणाने जी पद्धत देशभर वापरली, तीच एका तालुक्यापुरती वापरणे अवघड नाही. रत्नागिरीच्या कचेरीत एकेका फुरशाची नोंद ठेवणारी दप्तरव्यवस्था दीडशे वर्षांपूर्वी शक्य होती. एकेका माणसाची नोंद ठेवणे आज अशक्य मानण्याचे कारण नाही.